मर्यादित आवृत्तीचीं मोठीं सुवर्णनाणीं संग्राहकानें घ्यावींत काय ?

१. प्रश्नाचें स्वरूप

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर येथील एका संग्राहक गृहस्थांनीं मंडळाकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या संग्रहीं तांब्याच्या शिवराया, कांहीं चांदीचीं नाणीं व मोडी कागदांचे थोडे रुमाल आहेत. एका व्यापाऱ्यानें त्यांस परदेशांतील टांकसाळीचें, पांच औंस वजनाचें व मोजक्याच संख्येंत पाडलेलें एक सुवर्णनाणें देऊं केलें आहे. सोबत अनुक्रमांक घातलेलें प्रमाणपत्र व सुबक लांकडी पेटी आहे. त्याच सुमारास तालुक्यांतील एका जुन्या मालगुजार घराण्याचें दप्तर निकालांत निघत आहे. पैका एकच आहे. दोन्ही गोष्टी त्यांतून होणें शक्य नाहीं. नाणें घ्यावें कीं दप्तर घ्यावें, आणि नाणें घेतल्यास मंडळाच्या नाणेसूचींत त्याची नोंद होईल काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

खासगी पत्रानें उत्तर धाडून हें काम भागलें असतें. परंतु सोन्याचा भाव २०२५ सालीं दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या वर गेल्यापासून सोनें व संग्रह या दोन गोष्टींची गल्लत फार होऊं लागली आहे, आणि हाच प्रश्न इतर संग्राहकांच्याहि मनांत असण्याचा संभव आहे. सबब त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करितों.

समुद्रपूर तालुक्यांतच गिरड हें क्षेत्र आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून, त्या टेकडीवर वाटोळे खडे सांपडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भाविकास तो खडा प्रसाद वाटतो. भूस्तरशास्त्रज्ञास तो खनिजाचा गोळा दिसतो. आणि बाजारांत त्यास कांहींच भाव नाहीं. वस्तु एक, पण मोल पाहणाराच्या हेतूप्रमाणें निरनिराळें. नाण्याचेंहि तसेंच आहे. त्याचें एक मोल धातूचें, दुसरें दुर्मिळतेचें व तिसरें साक्षीचें. हीं तीन मोलें वेगळीं करून पाहिलीं म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचें उत्तर फारसें अवघड राहत नाहीं.

२. मोठीं नाणीं पाडण्याची जुनी चाल

प्रचंड वजनाचें सुवर्णनाणें मोजक्या संख्येंत पाडण्याची कल्पना आजची नव्हे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत अकबराच्या सुवर्णनाण्यांची जी यादी आहे तिच्या आरंभींच ‘शहनशाह’ नांवाचें नाणें येतें. त्याचें वजन १०१ तोळे ९ मासे ७ गुंजा दिलें असून त्याची किंमत शंभर लाल-इ-जलाली मोहोरांइतकी सांगितली आहे. त्याच्या निम्मे, चौथाई, पंचमांश व त्याहून लहान अशीं नाणींहि तेथें नांवानिशीं दिलीं आहेत.

जहांगिरानें या हौसेंत बापावर ताण केली. आपल्या आत्मवृत्तांत तो आपण ठेवलेलीं नांवें देतो : शंभर तोळ्यांचें तें नूरशाही, पन्नासांचें नूरसुलतानी, विसांचें नूरदौलत, दहांचें नूरकरम, पांचांचें नूरमिहर आणि एका तोळ्याचें नूरजहानी. चांदीच्या नाण्यांसहि त्यानें अशींच ग्रहताऱ्यांचीं नांवें दिलीं. इराणचा शहा अब्बास याचा वकील यादगार अली याला असलें प्रचंड नाणें नजर केल्याचाहि उल्लेख त्याच्या वृत्तांतांत आहे. या अजस्र नाण्यांसंबंधींचे विखुरलेले फारसी व युरोपीय उल्लेख प्रा. होडीवाला यांनीं आपल्या १९२३ सालच्या मोगल नाणकशास्त्रविषयक ग्रंथांत एकत्र केले आहेत. जिज्ञासूंनीं तो भाग अवश्य पाहावा.

या सर्व उल्लेखांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. हीं नाणीं बाजारासाठीं नव्हतीं. धान्य किंवा घोडा घेण्यास कोणी शंभर तोळ्यांची मोहोर मोडीत नसे. तीं खजिन्याची शोभा, वकिलास द्यावयाची नजर व बादशाही वैभवाचें प्रदर्शन यांसाठीं होतीं. आजच्या टांकसाळींचें मर्यादित आवृत्तीचें नाणें याच चालीचा वंशज आहे. फरक इतकाच, कीं पूर्वीं बादशहा तें देत असे, आतां टांकसाळ तें विकते. देणाऱ्याच्या हेतूंत इतिहास असतो, विकणाऱ्याच्या हेतूंत बहुधा हिशेब असतो.

३. मोठ्या नाण्यांचें पुढें काय झालें

इतक्या हौसेनें पाडलेलीं हीं नाणीं आज कोठें आहेत, हा प्रश्न संग्राहकानें प्रथम स्वतःस विचारावा. अकबराचा ‘शहनशाह’ आपणांस अबुल फजलच्या शब्दांतूनच माहीत आहे. शाहजहानाच्या दोनशें मोहोरांच्या नाण्याचें, म्हणजे सुमारें सव्वादोन किलो सोन्याच्या चकतीचें, मूळ नाहींसें झालें. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें त्याचा गिलाव्याचा ठसा मात्र आहे. सोनें गेलें आणि ठसा राहिला.

जहांगिराच्या एक हजार तोळ्यांच्या मोहोरेची कथा याहून प्रसिद्ध आहे. आग्र्याच्या टांकसाळींत हिजरी १०२२ (इ. स. १६१३) सालीं पाडलेलें हें नाणें वजनानें सुमारें १२ किलो व व्यासानें सुमारें २० सेंटिमीटर. तें हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यांत होतें असें सांगतात. १९८७ सालीं तें जिनीव्हा येथील एका लिलावांत पुढें आलें, तेव्हां भारत सरकारच्या केंद्रीय अन्वेषण खात्यानें त्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. २०२२ सालीं हा शोध पुन्हां हातीं घेतल्याचें प्रसिद्ध झालें. ज्या नाण्याच्या मागें एका देशाचें सरकार लागलें आहे, तें देखील अभ्यासकास हातांत घेऊन पाहतां येत नाहीं.

असें कां व्हावें ? कारण उघड आहे. नाणें जितकें मोठें तितकें तें वितळविण्याचा मोह मोठा. मोहिमेचा खर्च, वारसांतील वांटणी, सावकाराचा तगादा, यांपैकीं कोणताहि प्रसंग आला कीं पहिली नजर घरांतील सर्वांत जड सोन्यावर जाते. लहान नाणें गाडग्यांत, देव्हाऱ्यांत, गळ्यांतील माळेंत लपून राहतें. मोठ्या नाण्यास लपतां येत नाहीं.

हा नियम जुन्या काळापुरताच आहे असें कोणी समजूं नये. कॅनडाच्या टांकसाळीनें २००७ सालीं शंभर किलो शुद्ध सोन्याचीं, दहा लक्ष डॉलर अंकित मूल्याचीं, अगदीं मोजकीं नाणीं पाडलीं. त्यांपैकीं एक बर्लिनच्या बोडे म्यूझियममध्यें खासगी मालकाकडून मांडावयास आलें होतें. २७ मार्च २०१७ च्या पहांटेपूर्वीं चोरांनीं शिडी लावून खिडकींतून प्रवेश केला आणि त्रेपन्न सेंटिमीटर व्यासाचें तें नाणें हातगाड्यावर घालून नेलें. चोरांस पुढें शिक्षा झाली. नाणें सांपडलें नाहीं. त्याचे तुकडे करून तें वितळविलें गेलें असावें असा तर्क आहे. पंचधातूची मूर्ति चोरास मूर्ति म्हणूनच विकावी लागते व तेथें तो सांपडण्याचा संभव असतो. सोन्याचें मोठें नाणें मात्र त्यास सोनें म्हणून विकतां येतें, आणि सोन्यास चेहरा नसतो.

आपल्याकडील उदाहरण घेऊं. शिवाजी महाराजांच्या खजिन्यांतील नाण्यांची यादी सभासदाच्या बखरींत आहे. तींत गंबार, पुतळी, पादशाही होन, शिवराई होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी इत्यादि नांवें येतात. त्या खजिन्यांतील सोनें केव्हांच मुशींतून गेलें; यांतील कित्येक नाण्यांची ओळख पटविण्यास आज आपणांस बखरीच्या त्या कागदावरच प्रथम विसंबावें लागतें. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंतानें लिहिलेले कागद नकलांच्या रूपानें टिकले, आणि ज्यांची यादी त्यानें केली तें सोनें टिकलें नाहीं. आमच्या मतें प्रस्तुत प्रश्नाचें निम्मे उत्तर येथेंच आहे.

४. दुर्मिळता : जाहीर केलेली आणि उरलेली

आतां दुर्मिळतेचा विचार करूं. व्यापारी सांगतो, “जगांत अशीं अमुकच नाणीं आहेत.” तें खरेंहि असेल. परंतु दुर्मिळता दोन प्रकारची असते. एक टांकसाळ जाहीर करते. दुसरी काळाच्या चाळणींतून उरते.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन वजनानें सुमारें पावणेतीन ग्रॅम, म्हणजे तीन मासेहि भरत नाहीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ इतकींच अक्षरें. तो दुर्मिळ करावा असें टांकसाळींतील कोणाच्याहि मनांत नव्हतें. तो चालला, झिजला, आटला, आणि जे थोडे उरले ते आज दुर्मिळ झाले. अमेरिकेचें १९३३ सालचें वीस डॉलरचें सुवर्णनाणें असेंच. तीं चार लाखांहून अधिक पाडलीं गेलीं. पण त्याच वर्षीं सरकारनें लोकांजवळील सोनें जमा करण्याचें धोरण धरल्यामुळें बहुतेक सर्व वितळविलीं गेलीं. उरलेल्यांपैकीं एक २०२१ सालीं एक कोटि अठ्ठ्यायशीं लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. त्याचें वजन तीन तोळेहि नाहीं. ही किंमत सोन्याची नव्हे, प्रसंगाची आहे.

जाहीर केलेल्या दुर्मिळतेची गोष्ट निराळी. टांकसाळ म्हणते, या नाण्याचे पांचशें नग. पुढच्या वर्षीं दुसऱ्या चित्राचे पांचशें. त्याच्या पुढील वर्षीं तिसऱ्याचे. प्रत्येक नाणें दुर्मिळ, पण दुर्मिळ नाण्यांचा सुकाळ. शिवाय घेणारा प्रत्येक जण तें पेटींत जपून ठेवतो, त्यामुळें तीं सर्वच्या सर्व टिकण्याचा संभव असतो. जें सर्वांनीं जपलें तें पुढें दुर्मिळ होत नाहीं. अमेरिकेंतील फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीनें १९७० नंतरच्या दशकांत अशा मर्यादित आवृत्तीचीं पदकें व नाणीं विपुल विकलीं. त्यांतील पुष्कळ पुढें केवळ धातूच्या भावानें मोडींत गेलीं.

आणि साक्षीचें मोल तर धातूशीं मुळींच बांधलेलें नसतें. १९३९ सालीं वऱ्हाडांत मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा येथें सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा सुमारें १६०० नगांचा सांठा सांपडला. पोटीन म्हणजे हलका मिश्र धातु. भंगाराच्या बाजारांत त्यास कोण विचारतो? परंतु म. म. वा. वि. मिराशी यांनीं तीं नाणीं वाचलीं, तेव्हां कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि अशीं, पुराणांतील याद्यांत न आढळणारीं, राजांचीं नांवें उजेडांत आलीं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं मिळालीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. नाशिकच्या लेण्यांतील प्रशस्ति जें शब्दांनीं सांगते, तें या नाण्यांनीं हातांत ठेवलें. अशा सांठ्यांतील एक झिजकें नाणें व आजचें झळझळीत पांच औंसांचें नाणें यांत संग्राहकानें कोणतें निवडावें हें आम्ही निराळें सांगावयास नको.

५. एक आक्षेप व त्याचें उत्तर

येथें असा आक्षेप येईल कीं, “मोठ्या नाण्यांस आपण इतके प्रतिकूल कां ? आजचें नाणें तीनशें वर्षांनीं जुनें होईलच. आणि मोठ्या नाण्यावर छाप पूर्ण उमटतो, हा अभ्यासाचा लाभ नव्हे काय?”

आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांस मान्य आहे. आपल्याकडील हातानें ठोकलेल्या नाण्यांत छापाचा सांचा मोठा व धातूची चकती लहान असे. त्यामुळें लेखाचा कांहीं भाग नाण्याबाहेर राही. मोगल अमदानींत व पुढें संस्थानांत नजराण्यासाठीं रुंद चकतीचीं नाणीं पाडीत, त्यांवर सबंध लेख उमटे. टांकसाळीचें नांव, जुलूस वर्ष, चिन्ह हीं सर्व एकत्र पाहण्यास असलें नजराणा नाणें म्हणजे पर्वणीच. जुनें व खरें नजराणा नाणें परवडत असेल, तर तें अवश्य घ्यावें. तेथें आकार हा साक्षीच्या कामीं येतो.

परंतु आजच्या यंत्रानें पाडलेल्या नाण्यांत चकती व सांचा तंतोतंत जुळतात. पावतोळ्याच्या नाण्यावर जें चित्र व जो लेख, तोच पांच औंसांच्या नाण्यावर. तेथें मोठेपणानें डोळ्यास सुख होतें. ज्ञानांत भर पडत नाहीं. शिवाय त्या नाण्याची सारी माहिती, म्हणजे संख्या, वजन, शिल्पी, दिनांक, टांकसाळीनेंच छापून ठेवलेली असते. उद्यांच्या संशोधकास त्यासाठीं आपल्या पेटींतील नाण्याची गरज पडणार नाहीं. आक्षेपाचा पहिला भाग, कीं काळानें सर्वच जुनें होतें, हा खरा आहे. पण नुसतें जुनें होणें व साक्ष देणें यांत अंतर आहे.

६. किंमतीची फोड

आतां व्यवहाराकडे वळूं. जुने नाणावटी नाणें हातांत घेतलें कीं वजन, कस व बट्टा या तीन गोष्टी पाहत. आजच्या संग्राहकानेंहि तेंच करावें.

पांच औंस म्हणजे १५५·५ ग्रॅम, अर्थात् १३ तोळे ४ मासे. सोयीसाठीं दहा ग्रॅमला एक लाख रुपये भाव धरला, तर केवळ सोन्याची किंमत १५ लाख ५५ हजार होते. उदाहरणादाखल समजा कीं व्यापारी २२ लाख मागतो. वरचे ६ लाख ४५ हजार हे घडणावळ, टांकसाळीचा नफा, अडत्याचा नफा व दुर्मिळतेचें नांव यांचे झाले. त्यावर तीन टक्के वस्तु व सेवा कर ६६ हजार. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशांतून २२ लाख ६६ हजार गेले. तेंच नाणें दुसऱ्या दिवशीं सराफाकडे नेलें आणि त्यानें शेंकडा दोन घट धरली, तर हातीं १५ लाख २४ हजार येतील. गेलेला पैसा परत मिळण्यास सोन्याचा भाव निम्म्याच्या जवळपास वाढावा लागेल. आवडीचा दुसरा संग्राहक भेटला तर गोष्ट वेगळी. पण तालुक्याच्या ठिकाणीं असा संग्राहक भेटणें कठीण, व सराफ भेटणें सोपें.

नाण्यावर छापलेल्या अंकित मूल्यावरहि भुलूं नये. ब्रिटिश टांकसाळीनें २०१२ सालीं लंडनच्या क्रीडामहोत्सवानिमित्त एक किलो सोन्याचीं साठ नाणीं काढलीं. त्यांचें अंकित मूल्य केवळ एक हजार पौंड, सोन्याच्या किंमतीचा अल्पसा अंश. हा अंक कायद्याची औपचारिकता होय. याउलट, भारत सरकारनें ५ नोव्हेंबर २०१५ रोजीं प्रथम काढलेल्या ‘इंडियन गोल्ड कॉइन’वर एका बाजूस अशोकचक्र व दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींची मुद्रा आहे. तें पांच व दहा ग्रॅमचें. शुद्धता हजारीं ९९९. ज्या गांधींनीं वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामीं कुडाच्या झोपडींत दिवस काढले, त्यांची मुद्रा सोन्यावर यावी यांत जो विरोध आहे तो इतिहासकारानें टिपून ठेवण्यासारखा आहे. आणि त्यासाठीं पांच ग्रॅमचें नाणें पुरतें.

मोठ्या नाण्यांत लबाडीचाहि धोका मोठा. टंगस्टन या धातूची घनता सोन्याइतकीच, म्हणजे पाण्याच्या सुमारें १९·३ पट. जाड नाण्याच्या पोटांत टंगस्टन भरून वर सोन्याचा पत्रा चढविल्यास वजन व माप दोन्ही जुळतात. कसोटीच्या दगडावर किंवा क्ष-किरणांच्या यंत्रावर केवळ वरचा थर तपासला जातो. सबब जाड नाण्यासाठीं श्राव्यातीत ध्वनीची किंवा विद्युद्वाहकतेची परीक्षा करून घ्यावी. पातळ लहान नाण्यांत ही लबाडी करणें कठीण व फारसें फायद्याचेंहि नाहीं. पेटीवरील मोहोर फोडूं नये असें व्यापारी सांगतो. पण न फोडतां परीक्षा होत नसेल तर तें नाणें न घेतलेलें बरें.

कायद्याच्या दोन बाबी लक्षांत ठेवाव्या. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें व पंचाहत्तर वर्षांहून जुनें ऐतिहासिक महत्त्वाचें हस्तलिखित ही पुरावस्तु ठरते; खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेतां येत नाहीं. आजचें मर्यादित आवृत्तीचें नाणें या व्याख्येंत बसत नाहीं, मग व्यापाऱ्यानें त्यास कितीहि ‘वारसा’ म्हटलें तरी. जमिनींत सांपडलेल्या, दहा रुपयांवरील किंमतीच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें आहे. शेत नांगरतांना मिळालेलें नाणें परस्पर घेणाऱ्यानें हें विसरूं नये. तसेंच दोन लाख वा त्यावरील रक्कम रोखीनें स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे. रोख मागून पावती न देणाऱ्या विक्रेत्याशीं संबंध ठेवूं नये.

७. दप्तराचें पारडें

एका पारड्यांत नाणें ठेविलें; आतां दुसऱ्यांत दप्तर ठेवूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला. त्यापूर्वीं १८५३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. इंग्रजी अमलांत येथें मालगुजारीची पद्धति होती, व ती १९५१ सालीं, वर्धा जिल्हा तत्कालीन मध्यप्रदेशांत असतां, संपली. मालगुजारी गेली तशी तिच्या कागदांची गरजहि संपली. न्यायालयांत उपयोग नाहीं व वाचतां येणारा घरांत कोणी नाहीं, अशा स्थितींत तीं दप्तरें माळ्यावर पडलीं, आणि घर पाडण्याच्या वेळीं रद्दींत जाऊं लागलीं.

अशा दप्तरांत काय असूं शकतें ? गांवाची जमाबंदी, कुळांचे हिशेब, पट्टे, वाजिब-उल-अर्ज, सावकारी खतें, विहिरीचे व पांदणीचे तंटे, आणि दैव अनुकूल असल्यास भोसलेकालीन सनदा व पाटीलकीचे मोडी कागद. नाणकशास्त्राच्या अभ्यासकासहि ते टाकाऊ नव्हेत. कोणत्या सालीं वसुलांत कोणता रुपया घेतला, नागपुरी रुपयास कंपनीच्या रुपयाच्या मानानें किती बट्टा बसला, हें जुन्या हिशेबांच्या वहींत लिहिलेलें असतें. नाणें सांगतें कीं तें कोणीं पाडलें; तें कोणत्या भावानें चाललें हें वही सांगते. संग्राहक एक आणि त्याचे विषय दोन, ही समजूत म्हणून बरोबर नाहीं.

वरील हिशेब येथें पुन्हां पाहावा. सोन्याची किंमत बाजूस ठेविली, तरी केवळ वरकड व कर मिळून सात लाखांहून अधिक रक्कम होते. ही रक्कम सोन्यांत राहत नाहीं, ती पेटी व प्रमाणपत्र यांत जाते. एवढ्या रकमेंत एका गांवाच्या दप्तराची साफसफाई, आम्लरहित कागदांत बांधणी, प्रत्येक पानाचें छायाचित्र व मोडी वाचकाकडून सूची, इतकीं कामें सहज व्हावींत. आणि मुख्य अंतर हें कीं, तें नाणें यंदां न घेतलें तरी त्याचा जोडीदार पुढें लिलावांत पुन्हां मिळेल. तें दप्तर यंदां न घेतलें, तर त्याचा जोडीदार कोठेंच नाहीं. त्याचा नग एकच आहे, आणि तशी जाहिरात कोणी केलेली नाहीं.

८. निर्णय

येणेंप्रमाणें विचार करितां आमचें मत असें :

(१) सोनें घ्यावयाचें असल्यास तें सोनें म्हणून, सरकारमान्य छापाचें, कमींत कमी घडणावळीचें घ्यावें. त्यास संग्रह म्हणूं नये.

(२) संग्रहासाठीं नाणें घ्यावयाचें असल्यास आकार न पाहतां साक्ष पाहावी. ठिकाण व सांठा माहीत असलेलें तांब्याचें नाणें हें उगम नसलेल्या सुवर्णनाण्याहून श्रेष्ठ.

(३) ज्यांची ऐपत मोठी आहे, व हातांतील वस्तूच्या शोभेचा आनंद ज्यांस पुरतो, त्यांनीं मर्यादित आवृत्तीचें मोठें नाणें खुशाल घ्यावें. मात्र वरकड रक्कम ही हौसेची किंमत समजून खर्ची टाकावी. नाणें बँकेच्या तिजोरींत ठेवावें, विमा उतरावा, पावती व प्रमाणपत्र एकत्र ठेवावें, आणि वजन, व्यास व दोन्ही बाजूंचें छायाचित्र यांची एक प्रत दुसऱ्या स्थळीं ठेवावी. शाहजहानाच्या नाण्याचा ठसा उरला नसता तर आज त्याविषयीं बोलण्यासहि फारसें कांहीं उरलें नसतें.

(४) समुद्रपूरकर गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर : तसें नाणें मंडळाकडे आल्यास त्याची नोंद अर्वाचीन स्मारक-नाण्यांच्या विभागांत होईल, ऐतिहासिक नाण्यांच्या सूचींत होणार नाहीं.

(५) पहिल्या प्रश्नाचें उत्तर : एकाच पैक्यांत दोहोंपैकीं एकच होत असेल, तर दप्तर घ्यावें. घेण्यापूर्वीं घराण्याची लेखी संमति घ्यावी. रुमाल ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नये. सुटे कागद चिकटपट्टीनें जोडूं नयेत. बोरूच्या शाईचीं पानें उन्हांत वाळवूं नयेत. आणि सूची होईपर्यंत त्यांतील एकहि सनद वेगळी काढून चौकटींत बसवूं नये. मोडी वाचनासाठीं व सूचीच्या नमुन्यासाठीं मंडळ साह्य करील.

वर्धा, हिंगणघाट व समुद्रपूर या भागांतील इतर वाचकांसहि आमची विनंति आहे कीं, आपल्या गांवीं एखादें मालगुजारी अथवा पाटीलकीचें दप्तर निकालांत निघत असल्यास त्याची खबर मंडळास आधीं द्यावी. रद्दीवाल्याच्या काट्यावर मोडी कागद व वर्तमानपत्र एकाच भावानें जातात, आणि तेथून परत आलेलें एकहि पान आमच्या पाहण्यांत नाहीं.